मीटर भिंतीवर, कळ क्लाऊडमध्ये

स्मार्ट मीटरविषयीची चर्चा ‘प्रीपेड की पोस्टपेड’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. मात्र घरातील मीटर मोबाइल नेटवर्कमार्गे दूरच्या सर्व्हरशी जोडला गेल्यावर या जोडणीतील प्रत्येक दुव्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे.

१२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, लखनौसह उत्तर प्रदेशातील अनेक शहरांत दीड लाखाच्या आसपास ग्राहकांची वीज एकाएकी गेली. कारण वाहिनीत नव्हते, रोहित्रातही नव्हते. जुने मीटर असलेल्या घरांना त्याची झळ लागली नाही. अंधारात बसलेल्यांमध्ये समान गोष्ट एकच होती. त्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसवलेला होता. मध्यवर्ती संगणक प्रणालीतून पुरवठा तोडण्याची चुकीची आज्ञा सुटली आणि ज्या मीटरांपर्यंत ती पोहोचली, त्यांनी ती निमूटपणे पाळली. वेळच्या वेळी बिल भरणारे ग्राहकही त्यातून सुटले नाहीत. पुढे चौकशी लागली आणि त्या राज्यात नवे मीटर बसवण्याचे काम थांबवण्यात आले. एक तांत्रिक दोष म्हणून ही घटना कालांतराने विस्मरणात गेली.

ती विसरण्याजोगी नव्हती. देशातील प्रत्येक घराची वीज दूरवरून मोजता आणि तोडता येईल अशी व्यवस्था उभारण्याचा निर्णय केंद्र सरकारने त्यानंतर वर्षभरातच घेतला. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचा एकूण आराखडा ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांचा होता आणि त्यात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मूळ कालमर्यादेत ते गाठता आले नाही, पण दिशा पक्की झाली. मोबाइल नेटवर्कवरून क्लाऊडशी जोडलेली उपकरणे, म्हणजे तंत्रज्ञांच्या भाषेत ‘सेल्युलर आयओटी’, आजवर मालमोटारींचा माग काढणारी यंत्रे, एटीएम किंवा कारखान्यातील पंप यांच्यापुरती मर्यादित होती. स्मार्ट मीटरमुळे ती प्रथमच सामान्य माणसाच्या उंबरठ्यात आली. या उपकरणाची कळ मात्र त्याच्या घरात नाही.

साखळी कशी चालते?

स्मार्ट मीटरच्या आत वीज मोजणाऱ्या भागाखेरीज आणखी तीन गोष्टी असतात. पुरवठा जोडणारी वा तोडणारी कळ म्हणजे रिले, एक छोटा मोडेम आणि त्यातील सिमकार्ड. काही ठिकाणी मीटर आपसात रेडिओलहरींनी जोडून एका सामायिक यंत्राद्वारे संदेश पाठवले जातात. इतरत्र प्रत्येक मीटर स्वतःच मोबाइल नेटवर्कशी बोलतो. हे सिमकार्ड आपल्या फोनमधील सिमसारखे नसते. यंत्रायंत्रांतील संपर्कासाठी दूरसंचार विभागाने २०१८ पासून तेरा अंकी क्रमांकांची वेगळी व्यवस्था केली आहे.

मीटर दर पंधरा वा तीस मिनिटांनी नोंद घेतो. ठरलेल्या वेळी मोडेम जागा होऊन सांकेतिक भाषेत गुंफलेला संदेश पाठवतो. मोबाइल कंपनीच्या राखीव मार्गिकेतून तो मीटरांशी संवाद साधणाऱ्या मुख्य सर्व्हरकडे जातो. तेथून नोंदी साठवणाऱ्या व पडताळणाऱ्या प्रणालीकडे आणि शेवटी बिलाच्या हिशेबाकडे त्याचा प्रवास होतो. हे सर्व्हर बहुधा वितरण कंपनीच्या इमारतीत नसतात. ते भाड्याने घेतलेल्या क्लाऊडवर चालतात. उलट दिशेने येते ती आज्ञा. घड्याळ जुळवून घे, मीटरमधील सॉफ्टवेअर बदल, पुरवठा तोड, पुरवठा जोड.

या व्यवस्थेचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दार बंद आहे म्हणून सरासरी बिल आकारण्याची जुनी प्रथा तिने संपते. कोणत्या रोहित्रावर किती वीज गेली आणि किती विजेचे बिल झाले, याचा ताळा रोजच्या रोज घालता येतो. चोरी व गळती शोधण्याचे त्याहून प्रभावी साधन नाही. वीज जाताच शेवटची धुगधुगी वापरून मीटर तसा संदेश पाठवू शकतो आणि तक्रारीची वाट न पाहता दुरुस्ती पथक निघू शकते. दुपारी सौरऊर्जा मुबलक असताना स्वस्त आणि संध्याकाळी मागणी वाढल्यावर महाग असा वेळेनुसार दर लावायचा, तर वेळेची नोंद ठेवणारा मीटर हवाच.

परंतु या साखळीत एक गोष्ट मुळातून बदलली आहे. प्रीपेड विजेच्या जुन्या पद्धतीत ग्राहकाने भरलेली रक्कम कार्डाद्वारे वा सांकेतिक अंकांद्वारे मीटरमध्येच जमा होत असे. मीटर आपला हिशेब आपणच ठेवत असे. नव्या पद्धतीत शिल्लक असते ती सर्व्हरवर. पैसे संपले की तेथून तोडण्याची आज्ञा निघते आणि पैसे भरले की जोडण्याची. म्हणजे ग्राहकाने रात्री पैसे भरले, पण बिलप्रणाली, क्लाऊड, मोबाइल नेटवर्क वा मोडेम यांपैकी एकाने जरी दगा दिला, तरी खात्यावर शिल्लक असूनही घरात अंधार राहू शकतो. अशा वेळी तो कोणाकडे दाद मागणार? वितरण कंपनी मीटर कंत्राटदाराकडे बोट दाखवील, कंत्राटदार मोबाइल कंपनीकडे आणि मोबाइल कंपनी इमारतीच्या तळघराकडे.

तळघराचा उल्लेख गमतीचा नाही. मुंबई-पुण्यातील बहुमजली इमारतींत मीटर बसवले जातात ते वाहनतळाच्या कोपऱ्यातील, लोखंडी दाराच्या खोलीत. तेथे फोनची रेंज मिळवताना रहिवाशांचीच दमछाक होते. अशा जागांसाठी ‘एनबी-आयओटी’ हे कमी माहिती पण खोलवर पोहोचवणारे तंत्र २०१६ मध्ये जागतिक मानकांत समाविष्ट झाले. सर्वत्र तेच वापरले जाते असे मात्र नाही.

नेटवर्कचे आयुष्य

मीटर भिंतीवर बसला की तो किमान दहा वर्षे चालावा, अशी अपेक्षा असते. सेवा देणाऱ्या कंपन्यांशी होणारे करारही साधारण तेवढ्याच मुदतीचे आहेत. मोबाइल तंत्रज्ञानाची पिढी मात्र मीटरच्या आयुष्याकडे पाहून बदलत नाही.

अमेरिकेत ‘एटी अँड टी’ने २०१६ च्या अखेरीस टू-जी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्री-जी सेवा बंद केली. त्यावर विसंबलेली घरांच्या सुरक्षेची अलार्म यंत्रे वेळेत बदलावी लागली आणि अनेक मोटारींमधील आपत्कालीन संपर्काची सोय कायमची गेली. मोटारी ठणठणीत होत्या, त्यांचा मोडेम ज्याच्याशी बोलत असे ते नेटवर्कच उरले नव्हते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्री-जीचा अस्त झाला. भारतात एअरटेलने २०२० पर्यंत थ्री-जी गुंडाळले. जिओकडे तर आरंभापासून टू-जी नव्हतेच. २०२४ च्या प्रारंभी या कंपनीने टू-जी व थ्री-जी पूर्ण बंद करण्याचे धोरण आखावे, असे मत दूरसंचार नियामकाकडे मांडले होते.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत विशेष बोलका आहे. तेथे स्मार्ट मीटरांच्या संपर्कासाठी २०१३ पासून एकच परवानाधारक राष्ट्रीय संस्था नेमलेली आहे. मध्य व दक्षिण भागांतील मीटर जुन्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कवर विसंबून होते आणि २०३३ पर्यंत टू-जी व थ्री-जी बंद करण्याचे तेथील सरकारने जाहीर केल्यामुळे लक्षावधी संपर्कयंत्रे बदलण्याचे काम पुढे उभे राहिले. तरीही एका दूरदृष्टीने ब्रिटनला हात दिला. तेथे मोडेमचा भाग मीटरपासून वेगळा ठेवलेला आहे. त्यामुळे मीटर न काढता केवळ संपर्कयंत्र बदलता येते. त्याआधीच्या पहिल्या पिढीतील मीटर मात्र ग्राहकाने वीजपुरवठादार बदलताच ‘मुके’ होत असत, कारण नव्या पुरवठादाराच्या प्रणालीशी त्यांना बोलता येत नसे.

भारतात सिमकार्ड एका कंपनीचे असले आणि त्या कंपनीची सेवा एखाद्या भागात ढासळली, तर प्रत्येक मीटरजवळ माणूस पाठवून सिम बदलणे हा खर्चाचा डोंगर ठरेल. त्यावर उपाय आहे. मीटरमध्ये कायमचे बसवलेले ‘ई-सिम’ दूरवरूनच एका मोबाइल कंपनीकडून दुसरीकडे वळवता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने यंत्रांमधील ई-सिमबाबतच्या शिफारशी मार्च २०२४ मध्ये केल्या. परंतु त्याच्या आधीच कोट्यवधी मीटरांच्या निविदा निघून कंत्राटे दिली गेली होती. धोरण आणि खरेदी यांचा क्रम आपल्याकडे असा अनेकदा उलटा असतो.

क्लाऊडही अमर नाही

नेटवर्कपलीकडचा दुवा क्लाऊडचा. क्लाऊड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतील संगणक आणि ते चालवण्याचा व्यापारी करार. व्यापार परवडेनासा झाला की करार संपतो. गुगलने लाखो उपकरणे जोडण्यासाठी उभारलेली ‘आयओटी कोअर’ ही सेवा बंद करत असल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केले आणि १६ ऑगस्ट २०२३ रोजी ती खरोखरच बंद झाली. ग्राहकांना मिळाले एक वर्ष. आयबीएमनेही आपला अशाच स्वरूपाचा ‘वॉटसन आयओटी’ मंच २०२३ च्या डिसेंबरमध्ये आवरता घेतला. एवढ्या मोठ्या कंपन्या मागे हटल्या, यावरून या व्यवसायातील स्थैर्याची कल्पना यावी.

कार्यालयातील संगणकाला नवा पत्ता देणे सोपे असते. शेतात, जिन्याखाली वा खांबावर बसवलेल्या उपकरणाला सर्व्हरचा नवा पत्ता, नवी ओळखपत्रे व नव्या किल्ल्या दूरवरूनच द्याव्या लागतात. ती सोय पहिल्या दिवशीच करून ठेवलेली नसेल, तर उपकरण चालू असूनही अनाथ होते. सर्व्हरच्या खरेपणाची ग्वाही देणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांनाही मुदत असते. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस अशाच एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या उपकरणांचा इंटरनेट संपर्क तुटला होता.

सेवा चालू असतानाही ती कोसळू शकते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्रात बिघाड झाला आणि जगभरातील असंख्य संकेतस्थळांबरोबर घरोघरच्या दारावरील कॅमेरेही काही तास निकामी झाले. भारतातील मीटरांचा त्या घटनेशी संबंध नव्हता. शिवाय केंद्राच्या नमुना निविदेत माहिती देशातच ठेवण्याची अट आहे. मात्र सर्व्हर मुंबईत असल्याने तो बंद पडत नाही, असे थोडेच आहे? कोट्यवधी घरे मोजक्या केंद्रांवर अवलंबून राहू लागली की एका खोलीतील बिघाड हा एका खोलीतील बिघाड राहत नाही. एखाद्या शहराची वीज परत येताच हजारो मीटर एकाच क्षणी नेटवर्कचे दार ठोठावतात आणि नेटवर्कच कोंडते. त्यासाठी प्रत्येक मीटरने वेगवेगळा वेळ थांबून संपर्क साधावा, अशी आखणी करावी लागते. ग्राहकाला कधीच न दिसणाऱ्या अशा तपशिलांवर सगळी भिस्त असते.

चूक आणि हल्ला

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीज वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील कळी दूरवरून बंद केल्या. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. जगभर त्याची चर्चा झाली. उत्तर प्रदेशात २०२० मध्ये गेलेल्या घरांची संख्या त्याच्या जवळपास जाणारी होती आणि तेथे कोणा शत्रुराष्ट्राची गरजही पडली नव्हती. ग्राहकाच्या दृष्टीने परिणाम एकच.

दोहोंत एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. युक्रेनमधील कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन कळी हाताने चालू केल्या आणि काही तासांत पुरवठा परत आला. उपकेंद्रे मोजकी असतात. स्मार्ट मीटरमधील कळ प्रत्येक घरात असते आणि ती सीलबंद असते. एकेका मीटरपर्यंत जायचे ठरवले, तर सगळे तारतंत्री रस्त्यावर उतरले तरी पुरणार नाहीत. म्हणूनच तोडण्याच्या आज्ञेला बँकेच्या मोठ्या व्यवहारापेक्षाही कडक पहारा हवा. एका तासात ठरावीक संख्येपेक्षा जास्त घरांचा पुरवठा तोडण्याची आज्ञा निघाली, तर प्रणालीने स्वतःहून थांबावे आणि दोन स्वतंत्र अधिकाऱ्यांची संमती मागावी, ही अट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ती कंत्राटात लिहावी मात्र लागते.

नोंदींचा मालक कोण?

जुन्या पद्धतीत घरातील वीजवापराच्या वर्षाला बारा नोंदी होत. अर्ध्या तासाच्या हिशेबाने आता त्या १७ हजार ५२० होतात. घरातली माणसे कधी उठतात, घर कधी रिकामे असते, गावाला कधी जातात, रात्री कोण जागे असते, हे सारे त्या आकड्यांतून वाचता येते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटर सक्तीचे करणारे विधेयक याच कारणास्तव अडवले आणि पुढे तेथे ते ऐच्छिक करावे लागले. अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये, सार्वजनिक वीज संस्थेने अशा नोंदी घेणे ही घटनेच्या अर्थाने घराची ‘झडती’च ठरते, असे म्हटले. त्या प्रकरणात ती वाजवी असल्याचा निर्वाळाही त्याच न्यायालयाने दिला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी अधिसूचित झाले. ग्राहकाच्या वीजवापराची नोंद वितरण कंपनीची, मीटर कंत्राटदाराची की ग्राहकाची, याचे उत्तर वीजबिलाच्या मागच्या बाजूला साध्या मराठीत छापले जायला हवे.

महाराष्ट्रातील अर्धवट चर्चा

महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी ग्राहकांसाठी स्मार्ट मीटरची कंत्राटे दिली. ग्राहक संघटना व कामगार संघटनांचा विरोध वाढत गेला. जून २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीला काही महिने उरले असताना, तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर ‘टीओडी’, म्हणजे वेळेनुसार दर लावता येणारे पोस्टपेड मीटर बसवण्यास सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरासाठी सवलतही देण्यात आली.

आगाऊ पैसे भरण्याची सक्ती टळली, हा ग्राहकांना मिळालेला खरा दिलासा होता. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी ही गोष्ट लहान नव्हे. परंतु बदलली ती बिल वसूल करण्याची पद्धत. मीटरमधील मोडेम, सिमकार्ड, पलीकडचा सर्व्हर आणि आतील कळ यांची साखळी तशीच राहिली. प्रीपेड हा शब्द गेला म्हणून पुरवठा दूरवरून तोडण्याची क्षमता गेली, असे होत नाही. विरोध करणाऱ्यांनी मीटर वेगाने फिरतो की नाही यावर सारी शक्ती खर्च केली आणि समर्थकांनी विरोधकांना तंत्रज्ञानविरोधी ठरवले. साखळीच्या दुव्यांविषयी कोणी विचारले नाही.

विचारायचे ते प्रश्न साधे आहेत. सिमकार्डची मोबाइल कंपनी मीटर न उघडता बदलता येते काय? संपर्काचा भाग वेगळा काढता येतो काय? कंत्राट संपल्यावर वा कंत्राटदार बुडाल्यावर सर्व मीटरांच्या गुप्त किल्ल्या आणि नोंदी वितरण कंपनीच्या ताब्यात येतील काय, आणि त्या चालवणारी माणसे तिच्याकडे असतील काय? संपर्क तुटलेला असताना पुरवठा चालूच राहील, अशी मीटरची मूळ घडण आहे काय? चुकीने वीज तोडली गेल्यास तासागणिक भरपाई किती आणि ती मागावी लागेल की आपोआप बिलातून वजा होईल?

यातील बऱ्याच अटी घालण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाकडे आहे. वीजसेवेच्या दर्जाची मानके व भरपाईचे दर आयोगच ठरवतो. वाहिनी तुटली तर किती तासांत दुरुस्त करायची, याचे मानक असते. मग रिचार्ज झाल्यावर वा थकबाकी भरल्यावर पुरवठा किती मिनिटांत जोडायचा, याचेही मानक असले पाहिजे. उत्तरादाखल मोबाइल नेटवर्कचे कारण पुढे करण्याची मुभा वितरण कंपनीला नसावी. ग्राहकाने करार केला आहे तो तिच्याशी. मोबाइल कंपनी व क्लाऊड कंपनी निवडताना त्याला कोणी विचारलेले नाही.

मीटरची किंमत ग्राहकाकडून थेट घेतली जाणार नाही, असे वारंवार सांगण्यात आले. केंद्राचे अनुदान मात्र सर्वसाधारण राज्यांसाठी प्रति मीटर कमाल ९०० रुपये इतकेच होते, तेही प्रीपेड मीटरांसाठी. उर्वरित रक्कम वितरण कंपनी कंत्राटदाराला दरमहा देणार असते आणि कंपनीचा कोणताही खर्च अंती दरांतच उतरतो. म्हणजे सिमकार्डचे भाडे आणि क्लाऊडचे भाडे ग्राहकच भरत राहणार आहे. भाडे भरणाऱ्याला करारातील अटी वाचण्याचा हक्क असतो. वितरण कंपन्यांनी हे करार आणि त्यातील सेवेच्या अटी आपल्या संकेतस्थळांवर मराठीतून मांडाव्यात आणि दर महिन्याला किती मीटर किती वेळ संपर्काबाहेर राहिले, याचे आकडे विभागवार जाहीर करावेत. मीटर दर अर्ध्या तासाला ग्राहकाचा हिशेब देतो. मीटर बसवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा आपला हिशेब द्यावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.